लकवा झालेल्या माणसाला चालवायच्या आधी: घरी ताकद आणि तोल परत आणायचा क्रम

आमच्या इकडं लकव्याचा पेशंट दवाखान्यातून घरी आला की दुसऱ्या दिवशी सकाळी काय दिसते, दोन जवान पोरं, एक इकडून काखेत हात घालून, एक तिकडून, आणि मधात म्हातारा माणूस, पाय फरफटत, आंगणात चकरा. येणारे-जाणारे म्हणतात, चालून राहिले बाबा, सुधारणा आहे. चालून नाही राहिले, त्यांना ओढल्या जाते. त्या चकरांनी पायात ताकद येत नाही, तोलही येत नाही, आणि ज्या काखेतून उचलल्या जाते तो खांदा मात्र दुखणं घेऊन बसते.

माझ्या मायला उजव्या बाजूचा लकवा झाला तेव्हा मी आणि माझ्या चुलतभावानं नेमकं हेच केलं, सकाळ-संध्याकाळ, आठ दिवस. नवव्या दिवशी खांद्याच्या दुखण्यानं तिला रात्रभर झोप नाही. फिजिओथेरपीच्या मॅडमनी खांदा चाचपून पाहिला तर सांध्यात बोट बसेल एवढी फट पडली होती. त्या खांद्यापायी पुढचे कितीतरी महिने तिचे व्यायाम अडले. म्हणून हे लिहून राहिलो, कारण गावात, नातेवाइकांत जिथं जातो तिथं तीच चूक पाहतो, आणि सांगायला गेलं तर लोक म्हणतात चालवलं नाही तर बसूनच राहील ना माणूस.

चालवायचंच आहे. पण क्रमानं. आधी बिछान्यात, मग बसून, मग उठ-बस, मग उभं राहणं, मग पावलं. एक पायरी पक्की झाली की पुढची.

## सुरू करायच्या आधी डॉक्टरला काय विचारायचं

सुट्टी होताना कागद हातात देतात आणि आपण गाडी कुठं लागली ते पाहत राहतो. तिथंच थांबून चार गोष्टी विचारून घ्या आणि वहीत लिहा: बीपी किती असल्यावर व्यायाम करायचा नाही, हृदयाचं काही आहे का, खांद्याचा सांधा जागेवर आहे का, आणि उभं करायला परवानगी आहे का. बीपीचा आकडा त्यांनी सांगितला नसेल तर साधारण वरचा १८० च्या वर किंवा खालचा ११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम बंद ठेवायचा आणि डॉक्टरला कळवायचं. बीपी मोजायला दरवेळी शहरात जायची गरज नाही, गावातल्या उपकेंद्रात मोजून देतात, आणि जमलं तर दंडावर बांधायची डिजिटल मशीन घरी घेऊनच ठेवा.

घाईची एक गोष्ट. काही नातेवाईक दवाखान्यात पहिल्याच दिवशी पेशंटला उठवून बसवायच्या, उभं करायच्या मागं लागतात. अव्हर्ट नावाचा मोठा अभ्यास झाला होता, जवळपास २१०० पेशंटचा, २०१५ मध्ये छापून आला, त्यात पहिल्या २४ तासांतच जास्त वेळा आणि जास्त जोरानं उठवाउठव केलेल्या पेशंटचा निकाल उलट थोडा वाईट निघाला. त्यामुळं सुरुवात कधी करायची हे दवाखान्यातल्या लोकांनाच ठरवू द्या.

बीपीच्या गोळ्या: व्यायाम चालू झाला, बरं वाटून राहिलं, म्हणून गोळ्या बंद, हे लय घरात होते. गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या सर्च संस्थेनं ८६ गावांत मृत्यूंची कारणं तपासली तर सगळ्यात मोठं कारण लकवाच निघालं. एकदा येऊन गेलेला लकवा पुन्हा येऊ शकते आणि त्याला अडवणाऱ्या ह्याच गोळ्या आहेत. व्यायाम गोळ्यांच्या जागी नाही, गोळ्यांसोबत.

ह्यातलं काही दिसलं तर त्या क्षणी थांबा: छातीत दुखणं, दम लागून बोलता न येणं, चक्कर, घाम फुटून अंग गार पडणं. अचानक डोकं फुटल्यासारखं दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, नवीन हातपाय गळणं किंवा अचानक दिसेनासं होणं, ह्यात वाट पाहू नका, १०८ ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. मेंदूतल्या रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दाबली की दुखते, तर त्या पायाचा व्यायामही नाही आणि मालिशही नाही, आधी दाखवून आणा.

## तयारी: जागा आणि सामान

व्यायामापेक्षा ह्यात जास्त लोक चुकतात म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बाज नको. नवारीची किंवा सुतळीची बाज मधात खोल जाते, माणूस त्यात रुतून बसते आणि बसून उठायचा व्यायाम होतच नाही. लाकडी दिवाण किंवा तखत पाहिजे, वर पातळ गादी. उंची अशी की बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीला टेकतील आणि कुल्हे गुडघ्यांच्या थोडे वर राहतील. कमी पडली तर गोधडीच्या घड्या घाला.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, जड, पाठ भिंतीला लावलेली. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर मागं सरकते, पाय फाकतात, मी दोन माणसं अशीच पडलेली पाहिली.

जमीन कोरडी. सारवलेली जमीन वाळल्याशिवाय त्यावर उभं करू नका. चटई, पोतं, पायपुसणं, चार्जरची वायर, सगळं उचला. उंबरठ्यावर चुन्याचा पांढरा पट्टा मारा म्हणजे दिसते.

पायात अंगठ्याची चप्पल अजिबात नाही. लकव्याच्या पायाची बोटं ती धरूनच ठेवत नाहीत. मागून पट्टा असलेली सँडल किंवा साधे कॅनव्हासचे जोडे. नुसते मोजे घालूनही उभं करायचं नाही. बायांचं लुगडं-पातळ घोट्याच्या वर खोचून घ्या, धोतराचंही तेच. पाऊल खाली लोंबत असेल, बोटं जमिनीला घासत असतील तर फिजिओथेरपिस्टला पायाच्या पट्टीबद्दल विचारा, ती जोड्यात बसते आणि पाऊल वर धरून ठेवते.

कंबरेचा पट्टा म्हणजे आपला जाडा दुपट्टा. कंबरेभोवती दोन वेढे, पक्की गाठ, चार बोटं आत जातील एवढा सैल. पेशंट कोसळायला लागला तर पकडायचं ते इथं. हातानं नाही, काखेत नाही, ह्या दुपट्ट्यानं. जुना दुपट्टा एकदा ओढून पाहा, फाटते का ते.

बांबूचे कठडे: आंगणात १० फूट लांब दोन आडवे बांबू बांधून घेतले तर ह्याच्यासारखा दुसरा आधार नाही. उंची, माणूस सरळ उभा राहून हात खाली सोडला की मनगट जिथं येते तेवढी. दोघांच्या मधात कुल्ह्यांच्या दोन्ही बाजूंनी तीन-तीन बोटं जागा. खांब दोन फूट खोल गाडायचे आणि खड्ड्यात गिट्टी-मुरूम ठोकून भरायचा, कारण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगा टाकते आणि पावसात फुगते, नुसत्या मातीत गाडलेला खांब दोन महिन्यांत हलायला लागते. दर आठवड्याला धडधाकट माणसानं त्यावर पूर्ण भार टाकून पाहायचं. बांबू तासून गुळगुळीत करा, त्या बाजूच्या हाताला बधिरपणा असेल तर काडी टोचलेली कळत नाही.

वजन विकत आणू नका. जुन्या मोज्यात कोरडी वाळू भरा, तोंड शिवा, किराणा दुकानाच्या काट्यावर पाव किलो, अर्धा किलो असं मोजून घ्या. पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली एक किलोची होते.

वेळ: जेवणानंतर तासभर तरी नाही, एकदम उपाशीपोटीही नाही, शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे दुप्पट जपा आणि साखर जवळ ठेवा. एप्रिल-मेमध्ये अकोला, चंद्रपूर, नागपूर ४५ च्या आसपास तापते, तेव्हा सकाळी आठच्या आत उरकायचं आणि दुसरी पाळी दिवस मावळल्यावर. एकदम तासभर करू नका. १५ ते २० मिनिटांच्या दोन-तीन पाळ्या बऱ्या. लकव्यानंतर थकवा वेगळाच राहते, आळस समजून रागावू नका.

## टप्पा १: बिछान्यातले व्यायाम

हे सोपे वाटतात म्हणून लोक उडवून देतात. कंबर उचलता येत नाही तोवर उभं राहणं येणार नाही.

कूस बदलणं. चांगल्या हातानं लकव्याचं मनगट धरायचं, दोन्ही हात वर छातीसमोर, गुडघे वाकवायचे आणि गुडघे-हात सोबतच एका बाजूला वळवायचे. दोन्ही बाजूंना. लकव्याच्या कुशीवर वळताना तो खांदा थोडा पुढं काढून घ्या, अंगाखाली दबू देऊ नका.

कंबर उचलणं. उताणं झोपून दोन्ही गुडघे वाकवलेले, तळपाय गादीवर. लकव्याचा पाय बाहेर पडत असेल तर घरच्यानं गुडघा आणि पाऊल धरून ठेवायचं. कंबर वर, मोठ्यानं पाच आकडे, हळू खाली. १० वेळा.

टाच सरकवणं. लकव्याच्या पायाची टाच गादीवरून ढुंगणाकडं ओढायची, मग सरळ. होत नसेल तर मदत करा, पण सगळं काम तुम्हीच करू नका. पेशंटनं जोर लावला पाहिजे, उरलं तेवढं तुम्ही.

आकडे मोठ्यानं मोजायला लावा, कारण श्वास रोखून जोर लावला की बीपी एकदम चढते आणि मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. पूर्ण लेखात जिथं जिथं जोर आहे तिथं हे लागू.

तपासा: मदतीशिवाय दोन्ही कुशीवर वळता येते? कंबर १० वेळा उचलल्या जाते? तर पुढं चला.

### हाताबद्दल, इथंच

सपरीच्या आढ्याला कप्पी टांगून दोरी, एका टोकाला चांगला हात आणि दुसऱ्याला लकव्याचा, खाली-वर, खाली-वर. हे गावोगाव आहे, आमच्या घरी मी स्वतः टांगली होती. काढून टाका. खांद्यामागचं फावडं फिरत नाही, दंड मात्र जबरदस्तीनं वर जाते, आणि आत खांदा घासून दुखायला लागते. हात वर न्यायचाच तर दुसऱ्या माणसानं एक हात फावड्याच्या हाडावर ठेवून ते सोबत फिरवत न्यायचा, खांद्याच्या उंचीच्या वर नाही, आणि दुखलं की तिथंच थांबायचं.

मूठ आधीच घट्ट आवळलेली राहत असेल तर चेंडू दाबायला देऊ नका. आवळायचं काम तो हात तसाही करून राहिला, शिकवायचं आहे उघडणं. टेबलावर दुपट्टा अंथरा, दोन्ही तळहात त्यावर आणि पुसल्यासारखं पुढं-मागं सरकवा. बसलेले असताना हात मांडीवर किंवा उशीवर टेकलेला ठेवा, लोंबू देऊ नका.

शेक देताना चांगल्या बाजूला लावून पाहून मगच द्या, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. आणि बिब्बा लावणं, डाग देणं, हे कोणी कितीही जिव्हाळ्यानं सांगितलं तरी नाही. जखम होते, आणि जखम भरेपर्यंत व्यायाम बंद.

## टप्पा २: बसून तोल

पडून होते तिथून सरळ उभं करू नका. आधी कडेला बसवा, दोन मिनिटं थांबा. पडून राहिलेल्या आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचं बीपी उठल्यावर खाली जाते, डोळ्यासमोर अंधारी येते.

दोन्ही तळपाय जमिनीवर, भार दोन्ही ढुंगणांवर सारखा. बहुतेक पेशंट एका बाजूला कलतात आणि त्यांना ते कळत नाही. समोर आरसा ठेवा, किंवा समोरच्या खांबाकडं पाहून खांबासारखं सरळ व्हायला सांगा. तुम्ही लकव्याच्या बाजूनं बसा. पडणार ते तिकडंच.

सरळ बसता आलं की हात लांबवायला लावा. समोर, बाजूला, थोडं खाली. आम्ही तुरीच्या शेंगांचं टोपलं एका बाजूला आणि रिकामं भांडं दुसऱ्या बाजूला ठेवत होतो, माय एकेक शेंग उचलून तिकडं टाकायची. दहा-बारा शेंगा झाल्या की टोपलं थोडं लांब. "मले काय पोट्टी समजलं का," म्हणायची, पण शेंगा सोडायची नाही. नुसतं डावीकडं वाक, उजवीकडं वाक म्हटलं की पाच वेळा करून कंटाळते माणूस.

टोपलं लकव्याच्या बाजूलाही ठेवायचं. लोक फक्त चांगल्या बाजूला ठेवतात कारण तिकडं सोपं जाते.

तपासा: आधाराशिवाय, हात न टेकता दोन मिनिटं बसता येते? बाजूला हात लांबवून परत सरळ होता येते? नसेल तर टप्पा ३ ची घाई नको.

## टप्पा ३: उठ-बस

सगळ्या लेखातलं एकच करायला वेळ असेल तर हे करा. मांड्या, कुल्हे, तोल, लकव्याच्या पायावर भार घ्यायची सवय, सगळं ह्यात आहे, आणि संडासला जायचं की पाणी घ्यायला उठायचं, रोजचं जगणं ह्याच्यावरच चालते.

पद्धत, ह्याच क्रमानं:

१. दिवाणाच्या कडेला पुढं सरका. अर्ध्या मांड्या बाहेर.

२. दोन्ही पाऊलं मागं घ्या, गुडघ्यांच्या थोडी मागं, मधात वीतभर अंतर. लकव्याचं पाऊल चांगल्या पावलाच्या बरोबरीनं किंवा चार बोटं मागंच ठेवा. ते पुढं राहिलं की सगळा भार चांगला पाय घेते आणि लकव्याचा पाय फुकट बसते.

३. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून हात समोर. हे जमत नसेल तर समोर एक स्टूल ठेवून तळहात त्यावर.

४. पुढं वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढं जाईपर्यंत. इथं सगळे घाबरतात, तोंडावर पडू असं वाटते, म्हणून मागंच राहून वर उठायला पाहतात आणि परत धप्पकन बसतात. समोर तुम्ही आहात हे त्यांना दिसू द्या.

५. ढुंगण उचला, मग सरळ व्हा. उभं राहून तीन आकडे.

६. बसताना पुन्हा पुढं वाकून, चार आकडे मोजत, हळूहळू खाली. ताकद चढण्यापेक्षा ह्या उतरण्यात जास्त येते असं मी मायच्या बाबतीत पाहिलं, आणि नेमकं हेच लोक सोडून देतात.

मदत करणाऱ्यानं लकव्याच्या बाजूनं थोडं समोर, एक हात मागून दुपट्ट्याला, आणि आपला गुडघा त्यांच्या लकव्याच्या गुडघ्याला हलका टेकवून, म्हणजे तो मोडणार नाही. तुमची स्वतःची कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा, नाहीतर आठवड्याभरात घरात दोन पेशंट. हात धरून ओढायचं नाही. ओढलं की पेशंट मागं झुकते आणि पायाला काहीच काम राहत नाही.

लकव्याच्या पायावर भार येते की नाही हे ओळखायचा उपाय: त्या पावलाखाली कागदाची छोटी पट्टी ठेवा, उभं राहिल्यावर दुसऱ्या माणसानं दुपट्टा पक्का धरलेला असताना हलकेच ओढून पाहा. सहज निघाली तर भार नाही. मग पट्टी काढून घ्या, पायाखाली ठेवून व्यायाम करू नका.

सुरुवातीला ५ वेळा, दिवसातून तीनदा. जमलं की ८, मग १०. मग गोधडीची एक घडी कमी करा. बसायची जागा जेवढी खाली तेवढा जोर जास्त लागते. घाई करून एकदम खालच्या पाटावर बसवू नका, आणि उकिडवं तर अजून नाहीच. संडासला खुर्चीवाला कमोड लावा.

तपासा: खुर्चीवरून हात न लावता सलग ५ वेळा. मोबाईलवर सेकंद मोजा, वहीत तारीख टाकून लिहा. दर १५ दिवसांनी पुन्हा. आकडा कमी होताना दिसला की पेशंटला दाखवा, आमच्या घरी त्या वहीनं औषधासारखं काम केलं.

## टप्पा ४: उभं राहून तोल

कठड्यात, किंवा स्वयंपाकाच्या ओट्यासमोर उभं करा, मागं खुर्ची. कठड्याला मूठ आवळून ओढायचं नाही, तळहात नुसता टेकवायचा. मागच्या खुर्चीनं भीती अर्धी होते.

आधी भार एका पायावरून दुसऱ्यावर. लकव्याच्या पायावर पाच आकडे, परत. मग चांगला पाय किंचित उचलून समोरच्या विटेवर टेकवायचा आणि खाली घ्यायचा. काम चांगला पाय करून राहिला असं दिसते, पण उभा राहून शिकून राहिला तो लकव्याचा.

गुडघ्याकडं लक्ष ठेवा. काही जणांचा गुडघा मागं ताणून कुलूप लागल्यासारखा होते, धनुष्यासारखा उलटा. तसं उभं राहणं सोपं जाते म्हणून सवय पडते आणि वर्षभरात गुडघा दुखायला लागते. किंचित वाकलेला ठेवायला सांगा, थोडं वाकवा, सरळ करा, थोडं वाकवा, पण शेवटच्या टोकापर्यंत ढकलू नका.

पुढं पावलांची मांडणी अवघड करत न्या, प्रत्येकात १० सेकंद: दोन्ही पावलं जवळ, मग एक पाऊल अर्धं पुढं, मग टाचेला दुसऱ्याची बोटं लावून एका रेषेत. शेवटचं १० सेकंद जमत नसेल तर पडायचा धोका अजून आहे, काठी सोडू नका. डोळे मिटून उभं राहणं फिजिओथेरपिस्ट समोर असल्याशिवाय करायचं नाही.

तोलाचा व्यायाम थोडा डगमगवणारा असावा लागते, अगदी दगडासारखं उभं राहून तोल सुधारत नाही. पण डगमगताना हाताच्या अंतरावर कठडा आणि दुपट्ट्याला माणूस, दोन्ही पाहिजे. दुपट्ट्याला धरणारा फोनवर बोलत असेल तर त्या दिवशी हा टप्पा करू नका.

## टप्पा ५: ताकद वाढवणं

एक दिवस आड, आठवड्यात दोन-तीन दिवस. प्रत्येक व्यायाम १० ते १५ वेळा, आधी एक फेरी, मग दोन, मग तीन. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत, पण दम लागून बोलता येणार नाही एवढे नाही.

खुर्चीवर बसून घोट्याला वाळूचा मोजा बांधा आणि गुडघा सरळ करा. पाऊल वर ओढा, टाच जमिनीवरच. कठडा धरून पाय बाजूला, पाय मागं, अंग न वाकवता. टाचा उचलून चवड्यावर. सहा इंचाच्या आतली पक्की पायरी असेल तर त्यावर लकव्याचा पाय ठेवून अंग वर. लाकडी पाट वापरू नका, तो सरकते.

लागोपाठ दोन वेळच्या व्यायामात १५ वेळा नीट झालं की पाव किलो वाढवा. चार-पाच महिने विनावजन तेच ते करत राहतात लोक आणि म्हणतात फरक नाही. शरीराला नवीन काम मिळालंच नाही तर फरक कुठून येईल. आणि वजनानं लकव्याचा ताठरपणा वाढते असं जे सांगतात, तसं होत नाही, नीट पद्धतीनं केलं तर. मांडीचे स्नायू दुसऱ्या दिवशी थोडे अंगावर आल्यासारखे दुखणं ठीक. सांध्यात कळ येणं ठीक नाही. दुसऱ्या दिवशी माणूस उठूच शकत नसेल तर तुम्ही जास्त केलं, निम्म्यावर या.

## टप्पा ६: पावलं, काठी, पायरी

आता चालणं. आधी कठड्यात बाजूला पावलं, मग समोर, मग काठी.

काठी चांगल्या हातात. दहातल्या आठ घरी ती लकव्याच्या बाजूला दिलेली असते, की तो पाय अधू म्हणून आधार तिकडं. उलट आहे. आणि शेतातली लाठी नाही, ती उंच राहते, खांदा वर जाते. जोडे घालून उभं असताना मनगटाएवढी काठी कापा, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहते. टोकाला रबरी बूच, घासून गुळगुळीत झालं की बदलायचं.

क्रम: काठी, लकव्याचा पाय, चांगला पाय. तुम्ही लकव्याच्या बाजूनं थोडं मागं, हात दुपट्ट्यावर. पायाकडं पाहू नका म्हणा, समोर पाहा. वळताना गोल फिरवा, जागच्या जागी गर्रकन नाही. पडणं बहुतेक वळताना आणि बसताना होते, खुर्ची दिसली की माणूस घाई करते. पायाला खुर्ची मागून लागल्याशिवाय बसायचं नाही.

पायरी: चढताना चांगला पाय आधी, उतरताना लकव्याचा आधी. घरातल्या पोरांना पाठ करून द्या, ते आपसूक आठवण देत राहतात.

शेताकडं जायची घाई सगळ्यांना होते, कापूस वेचायला आला की म्हातारं माणूस घरी थांबत नाही. आंगण, मग सिमेंटचा रस्ता, मग मुरमाचा, आणि धुऱ्यावरनं चालणं सगळ्यात शेवटी, सोबत माणूस घेऊन. पावसाळ्यात काळ्या चिखलात नाहीच, तिथं धडधाकट माणसाचा पाय निघत नाही.

तपासा: खुर्चीतून उठून १० फूट चालून वळून परत बसायला किती सेकंद लागले, वहीत लिहा, दर १५ दिवसांनी.

पहिले तीन ते सहा महिने सगळ्यात जास्त फरक पडते, म्हणून तेव्हा एकही दिवस वाया जाऊ देऊ नका. पण सहा महिने झाले आता काही होत नाही, हे खरं नाही, वर्षानंतरही ताकद आणि तोल वाढते. पेशंट रडत असेल, नाही म्हणत असेल, जेवत नसेल, तर तो हट्ट नाही, लकव्यानंतर उदासी लय जणांना येते आणि तिला औषध आहे, डॉक्टरला सांगा. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये फिजिओथेरपीचा विभाग असते, महिन्यातून एकदा तरी नेऊन पद्धत तपासून घ्या, आणि जाताना घरच्या व्यायामाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये घेऊन जा, तिथं पेशंट नीट करते आणि घरी वेगळंच.

## पडलेच तर

लगेच ओढून उभं करू नका. आधी तसंच राहू द्या, विचारा कुठं लागलं, कुल्हा-मांडी हलवली की कळ येते का, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसते का. तसं असेल तर हलवू नका, १०८ बोलवा.

काही लागलेलं नसेल तर चांगल्या कुशीवर वळवा, चांगल्या हाताच्या कोपरावर, मग तळहातावर उठवून बसवा. समोर जड खुर्ची आणा, एका माणसानं ती दाबून धरा. चांगला हात खुर्चीवर, दोन्ही गुडघ्यांवर यायचं, मग चांगलं पाऊल पुढं टेकवून त्याच्या जोरावर वर, तुम्ही मागून दुपट्टा धरून. दुसरी खुर्ची मागून सरकवा आणि बसवा. बीपी मोजा. हे सगळं पडायच्या आधीच एकदा गादीवर सराव करून ठेवलं तर त्या दिवशी घाबरगुंडी होत नाही.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर माणूस बोलून राहिला, चालून राहिला, चहा मागून राहिला, तरी लगेच दवाखान्यात न्या, सकाळची वाट पाहू नका. जाताना गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.